साल्विनिया कुजतं आणि डकवीड मात्र फोफावतं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन फूट लांबीची टाकी, वर काचेचं झाकण, मागच्या काचेला लटकवलेला फिल्टर, आत मोजकेच छोटे मासे. साल्विनिया, ॲमेझॉन फ्रॉगबिट आणि रेड रूट फ्लोटर अशी तीन प्रकारची तरंगती रोपं आणून सोडली. दोन आठवड्यांत जुनी पानं तपकिरी, मग पारदर्शक होऊन कुजली, फ्रॉगबिटची मुळं गळाली आणि जी नवी पानं आली ती बारीक व पिवळट निघाली. प्रकाश कमी पडत असेल म्हणून दिवा रोज दोन तास जास्त ठेवला, तर अवस्था आणखी बिघडली. पण या रोपांबरोबर नकळत आलेलं डकवीड, म्हणजे इवल्या पानांचं तरंगतं रोप, जरा फिकट असलं तरी, आठवड्याला दुप्पट होतंय. 'पाण्यात काही विषारी आहे का, की ही रोपं माझ्याकडे जगणारच नाहीत?'

जगतील. आणि पाणी विषारी असण्याची शक्यता मी पहिल्याच फेरीत बाजूला ठेवतो, कारण त्याची तपासणी तुमच्या टाकीत आपोआप होऊन गेली आहे. एखाद्या रसायनाचा पाणवनस्पतींवर काय परिणाम होतो हे बघायला प्रयोगशाळांत डकवीडच वापरतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने ठरवलेल्या २२१ क्रमांकाच्या चाचणीत लेम्ना, म्हणजे आपलं साधं डकवीड, ते रसायन घातलेल्या पाण्यात ७ दिवस वाढवतात आणि त्याची वाढ किती मंदावली ते मोजतात. तांब्यासारख्या धातूला डकवीड चटकन दाद देतं. ते तुमच्याकडे वाढत असेल तर पाण्यात घातक काही असण्याची शक्यता फार कमी. मात्र गोगलगायी मारण्याचं किंवा शेवाळ घालवण्याचं औषध अलीकडे टाकलं असेल तर ते जरूर कळवा, कारण अशा काही औषधांत तांबं असतं आणि साल्विनियाला ते सोसत नाही.

डकवीडची दुसरी साक्ष मला जास्त महत्त्वाची वाटते. आठवड्याला दुप्पट हा वेग ऐकायला भरपूर वाटतो, पण पोटभर अन्न मिळालेलं डकवीड दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. त्याच्या मानाने तुमचं डकवीड रांगतंय, आणि ते फिकटही आहे. म्हणजे पाण्यात विष नाही, पण अन्नही पुरेसं नाही.

माझ्या मते तुमच्या टाकीत एकाच वेळी दोन वेगळी दुखणी चालू आहेत आणि तुम्ही त्यांना एक समजून उपाय केलात. जुनी पानं कुजणं हे वरून येणाऱ्या ओलाव्याचं दुखणं आहे. नवी पानं बारीक आणि पिवळी येणं हे खालून होणाऱ्या उपासमारीचं. पहिल्यात प्रकाश वाढवून काही फरक पडत नाही, दुसऱ्यात प्रकाश वाढवला की दुखणं वाढतं. हे असं का, ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढे कुठलंही तरंगतं रोप आणलंत तरी तुम्हाला स्वतःच निदान करता येईल.

तरंगत्या रोपाचं पान अर्धं हवेत आणि अर्धं पाण्यात जगतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते थेट घेतं, आणि तो घेणारी पर्णरंध्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची पर्णरंध्रं मुख्यतः पानाखाली असतात, इथे खाली पाणी आहे म्हणून ती वर आली. वायू पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट हळू. त्यामुळे पूर्ण बुडालेल्या वनस्पतींना कार्बन कायम तुटपुंजा मिळतो, तर तरंगत्या रोपांना तो हवा तेवढा मिळतो. ही त्यांची मोठी सोय, पण तिच्यात दोन अटी दडलेल्या आहेत. पानाची वरची बाजू कोरडी राहिली पाहिजे, नाहीतर पाण्याच्या थराखाली ती रंध्रं बंद पडल्यासारखीच. आणि कार्बनची अडचण नसल्यामुळे वाढ झपाट्याने होते, म्हणून पाण्यातली अन्नद्रव्यंही झपाट्याने संपतात.

आता पहिली अट घ्या. साल्विनियाचं पान भिंगातून पाहिलंत तर वरच्या बाजूला मेणचट केसांचं दाट रान दिसेल. जायंट साल्विनियात चार-चार केस टोकाला एकत्र जुळलेले असतात. लहान जातींत ते टोकाला सुटेच राहतात. या केसांमध्ये हवेचा थर धरला जातो आणि पाण्याचा थेंब वरच्या वर घरंगळून जातो. ही व्यवस्था पावसासाठी उत्तम आहे. पण दिवसरात्र त्याच जागी टपकणारं पाणी, किंवा फिल्टरच्या धारेखाली पुन्हा पुन्हा बुडणं, यापुढे तीही हरते. फ्रॉगबिटकडे तर असे केसही नाहीत, त्याचं पान वरून गुळगुळीत आणि खालून हवेने भरलेलं, स्पंजासारखं. ते तरंगतं छान, पण वर पाणी साचून राहिलं तर दोन-चार दिवसांत डाग पडतो आणि तिथूनच कूज सुरू होते. रेड रूट फ्लोटर या तिघांत सगळ्यात नाजूक. त्याला ओघही नको आणि थेंबही नकोत.

तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी आहेत. लटकता फिल्टर पाणी वरून धबधब्यासारखं सोडतो, रोपं ओढली जाऊन त्याच्याखाली जातात, बुडतात, उलटी होतात, पुन्हा वर येतात. आणि काचेच्या झाकणाखाली वाफ जमून तिचे थेंब दिवसभर पानांवर पडत राहतात. हीटर असेल तर आणखी. बरेच जण इथे गोंधळतात, कारण 'या रोपांना दमट हवा आवडते' असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण दमट हवा वेगळी आणि टपकणारं पाणी वेगळं. हवा दमट ठेवायची आणि पान कोरडं ठेवायचं.

तपासायला सोपी गोष्ट सांगतो. निरोगी दिसणाऱ्या पानावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. साल्विनियावर तो गोळा होऊन घरंगळला तर पान ठीक आहे. थेंब पसरला आणि पान गडद दिसू लागलं, तर त्या पानाचं संरक्षण गेलेलं आहे आणि ते फार टिकणार नाही. कुठल्या जागेवरची पानं जास्त खराब आहेत हेही बघा. फिल्टरजवळची आणि झाकणाच्या मधोमध खाली असलेली पानं आधी गेली असतील, तर माझं निदान बरोबर.

उपाय साधे आहेत. टाकीतली पाण्याची पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत वाढवा, म्हणजे धार पडणार नाही, नुसती सरकेल. तरी ओघ जास्त वाटला तर फिल्टरच्या तोंडाशी स्पंजाचा तुकडा अडकवा. मग हवेच्या पंपाची पातळ नळी घ्या, तिची दोन टोकं जोडून एक कडं तयार करा आणि रोपं त्या कड्यात ठेवा. कडं एका चूषकाने काचेला अडकवलं की रोपं एका कोपऱ्यात शांत राहतात, बाकीचा पृष्ठभाग मोकळा राहतो, माशांना खायला घालायलाही जागा मिळते. माझ्याकडच्या जवळजवळ प्रत्येक टाकीत असं कडं असतं आणि तरंगत्या रोपांसाठी इतका उपयोगी दुसरा स्वस्त उपाय मला माहीत नाही. स्पंज फिल्टर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की फुटणारे बुडबुडे बारीक तुषार उडवतात. हवेचा जोर कमी करा किंवा रोपं त्यापासून लांब ठेवा.

झाकणाबाबत मात्र परिस्थितीप्रमाणे ठरवावं लागतं. मासे उड्या मारणारे नसतील तर झाकण काढूनच टाका. उड्या मारणारे असतील तर काचेऐवजी जाळी बसवा, किंवा काच एका बाजूने बोटभर उचलून तिरकी ठेवा, म्हणजे थेंब उताराने कडेला जातील आणि हवाही खेळती राहील. खोलीतली हवा फार कोरडी असेल, सतत पंखा किंवा वातानुकूलन चालू असेल, तर झाकण काढल्यावर पानांच्या कडा कुरकुरीत होऊ लागतील. तसं दिसलं तर अर्धं झाकण ठेवा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. नवीन आणलेल्या रोपांची काही जुनी पानं पहिल्या पंधरवड्यात जातातच. ती वेगळ्या पाण्यात, बहुधा उघड्या उन्हात वाढलेली असतात आणि नव्या जागी रोप नवी पानं घडवून जुनी सोडून देतं. तेव्हा तुमच्या नुकसानीतला काही भाग नैसर्गिक आहे. जुनं पान पुन्हा हिरवं होईल म्हणून वाट पाहू नका. कुजलेलं पान रोज चिमट्याने काढून टाका, कारण ते शेजारच्या पानाला चिकटून कूज पसरवतं. निकाल नव्या पानांवरून लावायचा.

नव्या पानांकडे वळलो की दुसरं दुखणं समोर येतं. वनस्पतीला कोणतं अन्नद्रव्य कमी पडतंय हे पान सांगतं, आणि त्यात सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: आधी जुनी पानं बिघडली की नवी? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं रोप जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता जुन्या पानांवर दिसते. नत्र कमी पडलं की जुनं पान सरसकट पिवळं होतं आणि सगळं रोपच लहानखुरं राहतं. पालाश कमी पडला तर जुन्या पानाच्या कडा पिवळ्या पडतात, बारीक भोकं पडतात. स्फुरदाच्या कमतरतेत पानं छोटी, गडद, कधी लालसर होतात. लोह आणि कॅल्शियम मात्र जुन्या पानातून हलत नाहीत. लोह कमी असेल तर नवं पान जन्मतःच पिवळट येतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कॅल्शियम कमी असेल तर नवं पान वेडंवाकडं येतं.

तुमची जुनी पानं पिवळी न होता थेट तपकिरी आणि पारदर्शक झाली, म्हणजे ती मुळात भुकेने नाही, ओलाव्याने गेली. नवी पानं पिवळट आहेत, तिथे लोहाचा संशय पहिला. ती बारीकही आहेत आणि डकवीडही हळू वाढतंय, तिथे नत्राचा संशय दुसरा. मोजके छोटे मासे, नियमित पाणी बदलणं आणि अन्न खाणारं डकवीड हे तिन्ही एकत्र असल्यावर नत्र संपणं अगदी साहजिक आहे. बऱ्याच लोकांना वाटतं की मासे आहेत म्हणजे खत आपोआप मिळतं. माशांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद येतात, तेही मासे पुरेसे असतील तरच. लोह आणि पालाश त्यातून क्वचितच पुरतात.

नायट्रेटची साधी चाचणी करा. शून्य किंवा शून्याच्या आसपास आली तर रोपं उपाशी आहेत यात शंका नाही. मी स्वतः नायट्रेट लिटरमागे १० ते २० मिलीग्रॅमच्या दरम्यान ठेवतो, आणि त्या पातळीवर रोपं आणि मासे दोघेही मजेत असतात. त्यासाठी मत्स्यपात्रासाठी मिळणारं असं द्रवखत घ्या ज्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं सगळी आहेत. नुसतं 'सूक्ष्म द्रव्यांचं' खत घेतलंत तर नत्राची भूक तशीच राहील. लेबलवर दिलेल्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात करा, आठवड्याच्या पाणी बदलानंतर द्या, दोन आठवडे बघा, मग गरजेप्रमाणे वाढवा. बागेतलं खत टाकीत घालू नका. त्यातलं नत्र बऱ्याचदा अमोनियम किंवा युरियाच्या रूपात असतं. डकवीडला अमोनियम नायट्रेटपेक्षाही जास्त आवडतं, पण सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर त्यातला काही भाग अमोनिया होतो आणि तो माशांना मारतो.

लोहाबाबत थोडं खोलात जातो, कारण इथे खत घालूनही लोक फसतात. लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून ते एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून देतात. ईडीटीए या नेहमीच्या पकडीतून लोह सामू साडेसहा-सातच्या पुढे गेला की सुटू लागतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. डीटीपीएची पकड साडेसातच्या आसपासपर्यंत टिकते. ईडीडीएचए त्याहूनही वर टिकतं, फक्त ते पाण्याला लालसर छटा देतं. तुमचं पाणी जड असेल, नळावर पांढरे डाग पडत असतील, तर सामू बहुधा साडेसातच्या वर आहे. मग किमान डीटीपीए असलेलं लोह घ्या आणि आठवड्याची मात्रा दोन-तीन भागांत विभागून द्या. बुडालेल्या वनस्पती तळातल्या मातीतून लोह ओढू शकतात, तरंगत्या रोपांना तो मार्ग नाही. पाण्यात जेवढं विरघळलेलं, तेवढंच त्यांचं.

आता प्रकाश. तुम्ही दिवा वाढवलात तेव्हा रोपाने वाढायचा प्रयत्न केला. कार्बन होता, प्रकाश होता, पण लोह आणि नत्र तेवढंच. जे होतं ते जास्त पानांत वाटलं गेलं आणि प्रत्येक पान आणखी फिकट झालं. शिवाय ही रोपं दिव्याच्या सगळ्यात जवळ असतात. तळातल्या रोपांसाठी बेताचा असलेला दिवा पृष्ठभागावर फार तीव्र असू शकतो. दिव्याच्या बरोबर खालची पानं मधोमध पांढुरकी, विटल्यासारखी दिसत असतील तर ती करपलेली आहेत. दिवा पुन्हा आठ तासांवर आणा आणि शक्य असेल तर थोडा उंच धरा. रेड रूट फ्लोटर लाल झालं नाही म्हणून लोक दिवा वाढवत बसतात. ते तीव्र प्रकाशात आणि नत्र थोडं कमी असताना लाल होतं, पण आजारी रोपाला लाल करण्याच्या मागे आत्ता लागू नका. हिरवं का होईना, आधी धडधाकट होऊ द्या.

मुळांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मी टाकीसमोर बसलो की आधी मुळंच बघतो. पाण्यात अन्न कमी असलं की मुळं ते शोधत लांब वाढतात. अन्न भरपूर असलं की आखूड राहतात. फ्रॉगबिटची मुळं पांढरी आणि बारीक लवीने भरलेली असतील तर रोप ठीक आहे. तपकिरी आणि बुळबुळीत झाली असतील तर कूज. आणि स्वच्छ कापल्यासारखी एका लांबीवर तुटली असतील तर ती गळालेली नसून माशांनी कुरतडलेली असतात, हे खूपदा होतं आणि त्याने रोप मरत नाही. तुमची नेमकी कशी आहेत ते बघा. साल्विनियाचं मात्र वेगळं आहे. त्याला मुळं नसतातच. प्रत्येक पेरावर तीन पानं असतात, दोन वर तरंगतात आणि तिसरं पाण्यात उतरून तंतूंसारखं विभागलेलं असतं, अन्न घेण्याचं काम तेच करतं. ते तंतू गळाले म्हणजे रोपाचं तोंडच गेलं, म्हणून साल्विनिया हाताळताना त्यांना धक्का लावू नका.

इथवर आलो तेव्हा कामांचा क्रम सांगून टाकतो: आज ओघ आणि थेंब थांबवा, दिवा कमी करा, कुजलेलं काढा. दोन-तीन दिवसांनी नायट्रेट मोजून खत सुरू करा. सगळं एकाच दिवशी केलं तरी बिघडत नाही, पण असं केलं की कशाने काय सुधारलं ते कळतं. दहा ते चौदा दिवसांत नवं पान आधीच्यापेक्षा मोठं आणि हिरवं यायला हवं.

खत सुरू केलं की डकवीड सुटणार, त्याची तयारी आधी ठेवा. तीन दिवसांत दुप्पट होणारी दहा पानं महिनाभरात दहा हजारांवर जातात. अर्धा पृष्ठभाग झाकलेला दिसतो तेव्हा पूर्ण झाकायला फक्त तीन दिवस राहिलेले असतात. डकवीड ठेवायचं की घालवायचं हे आत्ताच ठरवा. पाणी स्वच्छ ठेवायला आणि शाकाहारी माशांना खाद्य म्हणून ते उत्तम आहे, पण तुमची आवडती तीन रोपं त्याच्याशी अन्नाच्या शर्यतीत हरतील. तेव्हा माझा सल्ला आहे की घालवा.

घालवायची पद्धत चिकाटीची आहे. एका बादलीत टाकीचंच पाणी घ्या. प्रत्येक साल्विनिया आणि फ्रॉगबिट उचलून पाण्यात हलकेच हलवा, देठाच्या बेचक्यात आणि मुळांत अडकलेलं डकवीड सुटेल. मग रोप स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवा. टाकीचा पृष्ठभाग बारीक जाळीने गाळा, कडेला काचेवर चिकटलेली पानं ओल्या फडक्याने पुसा, फिल्टरच्या आतही बघा. रोपं दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून रोज एक नजर टाका, दिसलं पान की काढा. एक जरी राहिलं तरी ते पुन्हा सगळं व्यापतं. स्पायरोडेला ही मोठ्या पानांची, खालून जांभळट आणि अनेक मुळं असलेली जात असेल तर जास्त सावध राहा. ती थंडीत किंवा उपासमारीत छोट्या कळ्या तयार करून तळाशी पाठवते आणि पृष्ठभाग साफ केल्यावर काही काळाने त्या वर येतात. पुढे कुठलंही नवं रोप आणलंत की थेट टाकीत न सोडता असंच वेगळं ठेवा. डकवीडबरोबरच गोगलगायींची अंडी, हायड्रा हे डंख मारणारे बारीक जीव आणि चतुराची पिल्लंही याच वाटेने येतात.

तुमची रोपं सुधारली की प्रश्न उलटा होईल, ती जास्त होतील. पृष्ठभाग निम्म्याहून जास्त झाकू देऊ नका. पूर्ण झाकला तर खालच्या वनस्पती अंधारात जातात, हवेतून पाण्यात मिसळणारा ऑक्सिजन घटतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. दर आठवड्याला तिसरा हिस्सा काढा, जुनी आणि मोठी रोपं आधी. रोप वाढताना पाण्यातलं नत्र आणि स्फुरद स्वतःत साठवतं, पण ते टाकीबाहेर जातं ते तुम्ही रोप काढता तेव्हाच. तिथेच मरू दिलं तर सगळं परत पाण्यात.

अ‍ॅझोला, म्हणजे तरंगणारं छोटं नेचं, आणावा का असंही तुम्ही विचारलंत. अ‍ॅझोलाच्या पानातल्या पोकळीत नोस्टॉक जातीचे सूक्ष्म जीव राहतात आणि हवेतलं नत्र बांधून त्याला देतात, म्हणून नत्र नसलेल्या पाण्यातही तो वाढतो. पण स्फुरद त्याला पाण्यातूनच लागतो, प्रकाश भरपूर लागतो, आणि ओघात त्याची पाळंमुळं तुटून सगळीकडे पसरतात. उघड्यावरच्या उथळ टबासाठी छान, तुमच्या टाकीसाठी मी नाही सुचवणार. टबात ठेवलात तर दुपारचं कडक ऊन अडवा, उथळ पाणी फार तापतं आणि ३५ अंशांच्या वर बहुतेक तरंगती रोपं ढेपाळतात. उघड्यावर मावाही येतो. पानांवर काळपट ठिपक्यांसारखे किडे दिसले तर औषध फवारू नका, जाळीने रोपं काही तास पाण्याखाली दाबून धरा, किडे सुटतात आणि मासे ते खातात. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून त्या टबात छोटे मासे हवेतच.

काढलेली रोपं नाल्यात, तळ्यात किंवा नदीत जाता कामा नयेत. याबाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. जायंट साल्विनिया मूळचं आग्नेय ब्राझीलचं. ते बीजाणूंनी वाढत नाही, तरी देठाच्या एका तुकड्यापासून वाढतं आणि माणसांच्या हाताने जगभर पोचलं. झांबेझी नदीवर करिबा धरण बांधलं, तिथे डिसेंबर १९५८ पासून पाणी साठू लागलं आणि काही वर्षांतच सरोवराचा मोठा भाग साल्विनियाने झाकला. बुडालेल्या जमिनीतून अन्नद्रव्यं पाण्यात सुटली होती, म्हणजे तुमच्या टाकीत जे कमी आहे ते तिथे उदंड होतं. अन्न कमी झालं तसं तेही ओसरत गेलं. म्हणून काढलेली रोपं फरशीवर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच कंपोस्टमध्ये किंवा कुंडीतल्या मातीत टाका. टब उघड्यावर असेल तर पावसात तो भरून वाहू नये म्हणून कडेला जाळी लावा.

दोन आठवड्यांनी नवी पानं सुधारली नाहीत तर तीन गोष्टी कळवा: नायट्रेट किती आलं, सामू किती आहे, आणि एक फ्रॉगबिट उलटं धरून त्याच्या मुळांचा स्पष्ट फोटो.